निजू द्या तिले

सौसरच्या जेलात दर गुरुवारी मी आयांना आईपण शिकवते. सांगताना माझं मलाच हसू येतं. लेकरं बाहेर, आया आत; म्हणून जुन्या लुगड्याची बाहुली करायची, काळ्या लोकरीचे केस लावायचे आणि रोज तिची वेणीफणी करायची. हातांची सवय मोडत नाही, मन थाऱ्यावर राहतं. एवढंच. जामसांवलीच्या मारुतीलाही मी दर्शनापुरती जाते. अंगात आलेल्यांकडे बघतसुद्धा नाही.

त्या आयांतल्या सुशीलाची पाच वर्षांची तेजस्विनी रामाकोन्याला आजीजवळ, कलाबाईंजवळ होती. सुशीला बाहुलीच्या दोन वेण्या घालायची, हिरव्या फितीच्या. डावी नेहमी जास्त घट्ट.

मी रामाकोन्याला गेले तेव्हा तेजस्विनी ओट्यावर संत्रं सोलत बसली होती. दोन वेण्या, हिरव्या फिती. डावी घट्ट.

"छान घातल्या हो वेण्या," मी कलाबाईंना म्हणाले.

त्यांनी वातानं वाकडी झालेली बोटं पुढे केली. "मी कुठून घालू बाई? सकाळी पोरगी उठते त् घातलेल्याच राह्यते."

शेजारीण घालत असेल, असं मी स्वतःला बजावलं. मला उगाच राग आला होता.

पुढच्या गुरुवारी सुशीलाचा जामीन फेटाळल्याचं कळलं. ती रडली नाही. बाहुलीला तेल लावलं, मांडीवर घेऊन थोपटलं, चादरीखाली झाकलं.

"ताई, निजू द्या तिले. जागी राहिली का मले शोधते. मी घरी जाईन तवाच उठवीन."

"शाब्बास," मी म्हणाले. आईचं कौतुक करायचं, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबाईंचा फोन आला. "पोरगी उठूनच नाही राहिली वं बाई. डॉक्टर म्हणते, काहीच नाही झालं, झोपली हाय."

मी तडक जेल गाठलं. ऐकून सुशीला पांढरीफटक पडली. तिनं चादर ओढली. बाहुलीला हलवलं, हाका मारल्या, तोंडावर पाणी शिंपडलं.

"उठ ना वं, तेजू."

मी फाटकाबाहेर येऊन फोन लावला. पोरगी तशीच. परत आत गेले.

"ताई, मले उचलवूनच नाही राहिली. तुमी घ्या."

चिंध्यांची बाहुली. मी एका हातानं उचलायला गेले. दुसरा हात मानेखाली घालावा लागला.

मानेला घाम आला होता, गाढ झोपलेल्या लेकराला येतो तसा.