दुसऱ्या भागातली दरी

"वारं पाठीला येऊ दे, बाई, मंग उडी घे!"

बानाबाई आजीचा हा आवाज पुतळानं फार लहानपणी माळावर ऐकला होता. ओढ्याकाठी अडलेल्या कोकरांना आजी असंच समजावायची. आता आजी नव्हती, मेंढरंही नव्हती. बाबा चिकलठाण्याच्या कारखान्यात लागले होते. वसाहतीत कुणी "आधी काय करत होता?" म्हणून विचारलं, की ते मान खाली घालून गप्प बसायचे.

आणि तो आवाज आज आठवला कुठं, तर सांडूकाकांच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात!

उड्यांच्या खेळाचा दुसरा भाग आला होता. त्यानं साऱ्या वसाहतीला रडवलं होतं. पहिल्या भागात भूछत्र खाल्लं की बळ यायचं. यात तेच विषारी! शेवटच्या दरीत तर भलेभले कोसळायचे. जो ती पार करील, त्याचं नाव दुकानाच्या पाटीवर, असं सांडूकाकांनी जाहीर केलं होतं.

"पोरीचं नाव पाटीवर? हॅ!" काकांचा पुतण्या कडुबा हसला.

"समोरची भिंत वाच!" पुतळाचा दोस्त मुंजानं विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणेकडं बोट केलं. "नावासाठी माणसं किती वर्षं लढतायत! नाव म्हणजे तुला चेष्टा वाटली व्हय?"

पुतळाचं लक्ष पडद्यावर होतं. मधूनच मागून पानं उडत येत होती. सगळे ती थांबेपर्यंत दम धरायचे आणि मग पडायचे. पण पानं उडतात म्हणजे वारा! पानं आली तशी तिनं उडी घेतली आणि...

पडदा काळा!

"लाइट गेली!" काका ओरडले.

"गेली? मग केसरबाईंचा पंखा कसा फिरतोय?" मुंजानं शेजारच्या शिलाईच्या दुकानात डोकावून विचारलं.

पुतळा खाली वाकली. उडी बघून काका हरखून उठले होते, तेव्हा स्टुलाच्या पायानं वायर ओढली जाऊन प्लग निसटला होता!

"माझ्यामुळं? छट्!" काका फुरंगटले.

मुंजानं डोळा मारला आणि एक झोपाळू मांजरीचं पिल्लू आणून काकांच्या मांडीवर ठेवलं. "काका, उठू नका हं, जागं होईल!"

प्लग लागला, खेळ पहिल्यापासून सुरू झाला आणि पुतळा पुन्हा त्या दरीपाशी पोचली. काका जागच्या जागी चुळबुळत राहिले. पडद्यावर पानं आली. "आता!" पुतळानं बटण दाबलं. वाऱ्यानं त्या इवल्या गड्याला उचललं, झुलवलं, आणि अलगद पलीकडं उतरवलं!

"पार! पुतळा पार!" मुंजा नाचू लागला. कडुबासुद्धा टाळ्या पिटत होता.

"शाब्बास गं वाघिणी!" काका बसल्या जागेवरूनच गरजले. "पण ही अक्कल आली कुठून?"

पुतळानं दाराकडं पाहिलं. शिफ्ट सुटून आलेले बाबा डबा हातात घेऊन उभे होते. बाबा सांगत नाहीत ते आपण कसं सांगायचं?

बाबा आत आले. साऱ्या पोरांसमोर, काकांसमोर त्यांनी मान वर केली.

"आमी मेंढपाळ, सांडूभाऊ. वाऱ्याची उडी माझ्या आईची हाये. पाटीवर लिवा, बानाबाईची नात पुतळा."