दगड आधी की पीस?

"दगड आणि पीस एकाच उंचीवरून सोडले, तर आधी खाली काय पडेल?"

सोपा प्रश्न, नाही का? पण याच प्रश्नाला चंद्रावरच्या शाळेत चैत्रालीला शून्य मिळालं आणि तिची हवा-पथकातली जागा हुकली. वस्तीतली हवा सांभाळणारं हे पथक तिच्या आजोबांचं, म्हणजे आबा भोईट्यांचं. नात पथकात येणार, असं त्या हौशी शास्त्रज्ञाने वस्तीभर मिरवून ठेवलं होतं. आता तोंड कुठे लपवावं ते आबांना कळेना.

"काय लिहिलंस गं बाई?" त्यांनी विचारलं.

"वस्तीच्या आत आधी दगड. बाहेर दोन्ही एकदम."

आबांची मान ताठ झाली. ते तिला घेऊन तडक तोलनकडे गेले. तोलन म्हणजे पृथ्वीवरून आलेला परीक्षक यंत्रमानव.

"उत्तर फक्त 'दगड'," तोलन म्हणाला. "ही प्रमाणित परीक्षा आहे (सर्वांना तेच प्रश्न, तीच उत्तरं). तरच मुलांची तुलना करता येते."

आबांच्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण चैत्रालीच पुढे झाली. "काका, दाखवू का?"

वस्तीबाहेर पडण्याआधी एक दुहेरी दारांची खोली लागते. तिथली हवा काढून घेता येते. चैत्रालीने खोलीतल्या यांत्रिक हातात एक दगड आणि कोंबडीचं पीस ठेवलं आणि काचेबाहेरून कळ दाबली. दगड आधी पडला, पीस तरंगत राहिलं. "हवा पिसाला अडवते. दगड तिला जुमानत नाही," ती म्हणाली.

मग तिने खोली निर्वात केली (सगळी हवा काढून टाकली) आणि पुन्हा कळ दाबली. चंद्राची ओढ कमी, म्हणून दोन्ही सावकाश खाली आले, पण आले अगदी जोडीने.

"हवेबद्दल प्रश्नात काहीच नव्हतं," तोलन म्हणाला.

"दार उघडण्याआधी पलीकडे हवा आहे का ते विचारायचं, हे आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवतात. मग इथे न विचारता कसं लिहू?"

आता आबांना राहवेना. "तोलनराव, तुमची पट्टी वाईट नाही. पाढे येतात का, वाचता येतं का, ते तिने कळतं. पण पट्टीने ताप मोजायला गेलात तर कसं व्हायचं? पथकाला हवेचं भान असलेली पोर हवी. तिने ते आपणहून दाखवलं, आणि तुम्ही नेमकं तेच खोडलंत."

तोलनने शून्य पुसलं. चैत्राली पथकात आली. समोरून जाईल त्याला आबा थांबवून सांगत होते, "माझी नात बरं का."

इकडे तोलनने चैत्रालीच्या वर्गातल्या हणमंताचा पेपर उघडला. प्रश्न होता, 'एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत किती वेळ जातो?' ठरलेलं उत्तर होतं, 'चोवीस तास.' हणमंताने लिहिलं होतं, 'इथे चंद्रावर सुमारे एक महिना.'

खोडायला उचललेलं पेन तोलनने खाली ठेवलं.

"हणमंताला बोलवा," तो म्हणाला. "मला त्याच्याकडून समजून घ्यायचं आहे."