शांततेचे गुण

“‘शांत’ हा शब्द ढिला आहे, मुग्धा. गप्प की निवांत, खेळाच्या नियमात काय ते एक लिही,” निखत मुजावर तिला म्हणाली होती.

“बाळ शांत झालं म्हटलं की मराठीत कुणालाही कळतं गं,” मुग्धा म्हणाली, आणि तिने खेळ मेळ्यात चढवला.

नाशिकच्या खेळमेळ्याची, म्हणजे संगणकी खेळांच्या स्पर्धेची, पद्धत अशी, की एकदा चढवलेला खेळ कुणा एकाचा राहत नाही. दुसरा त्यावर आपल्या बदलाचं कलम बांधतो, तिसरा त्या कलमावर आणखी एक. ज्या कलमाला सर्वांत जास्त गुण, ते मूळ खेळात आपोआप उतरतं. बांधलेलं कलम मागे घेता येत नाही, कारण वरच्या फांद्या त्यावरच उभ्या असतात. दोघी दरवर्षी भाग घ्यायच्या. यंदा निखत परीक्षकांत होती.

मुग्धाच्या खेळात पडद्यावर एक आभासी बाळ रडत असे. झोके, उजेड आणि आईचा आवाज वापरून त्याला शांत करायचं. जितकं शांत, तितके गुण. खेळातला पाळणा चालवणारा ‘झोकामेंदू’ खऱ्या विजेच्या पाळण्यातही बसायचा. मुग्धाने तो आपल्या लेकीच्या, ओजूच्या, पाळण्यात बसवला आणि त्यात स्वतःचा आवाज भरला. तान्ही मुलं असलेल्या इतर स्पर्धकांनीही आपापल्या घरी तेच केलं. बघता बघता तो त्यांच्या बहिणी-वहिनींकडेही पोचला.

कलमं वाढत गेली आणि घरोघरच्या झोकामेंदूतही आपोआप उतरत गेली. ओजूचं रडणं कमी होत गेलं, मग थांबलंच.

“हिच्या बापाने, आमच्या प्रणवने, गल्ली डोक्यावर घेतली होती,” सासूबाई येईल त्याला सांगायच्या. “ही कुणावर गेली कोण जाणे. गुणाची आहे.”

मुग्धाला बरं वाटायचं. तरी ती मधूनच उठून ओजूच्या नाकाशी बोट धरायची, श्वास चालू आहे ना बघायची.

लस टोचायला नेलं त्या सकाळी दवाखान्यात सगळी मुलं ओरडत होती. सुई आत गेली तेव्हा ओजूचा खालचा ओठ थरथरला. तिने मुग्धाकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि हसली.

डॉक्टर लोंढे थबकले. त्यांनी मांडी दाबून पाहिली, मग कान तपासले. उजव्या कानात त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“पडदा फाटलाय. आत पू आहे. हे मोठ्या माणसाला लोळवणारं दुखणं आहे, बाई. रडली नाही?”

“नाही,” मुग्धा म्हणाली. “छान खेळत होती.”

रडणं थांबलं ते झोकामेंदू बसवल्यापासून, हे तिच्या लक्षात आलं, आणि औषध घेऊन ती तशीच ओजूला कडेवर घेऊन मेळ्याच्या सभागृहात गेली. निखतने कलमांची साखळी उघडली आणि एकेक वाचत गेली.

“यात कुणी वाईट केलेलं नाही बघ. लातूरच्या एका मुलीने रडू यायच्या आधीचा ओठ आणि श्वास ओळखायची सोय केली. चांगली आहे. मग कुणीतरी आईचा आवाज जपून वापरायचा ठरवलं, सारखा ऐकून बाळाला त्याची किंमत राहत नाही म्हणून. तिसऱ्याने वीज वाचवली. झोक्याचा उपयोग होत नसेल तर झोका बंद.”

“मग?”

“मग झोकामेंदूने तिन्ही एकत्र केलं. ओठ थरथरला की झोका बंद, उजेड बंद, तुझा आवाज बंद. बाळाने रडू गिळलं की सगळं परत. गुण गप्प राहण्याला होते ना? हा त्याचा सर्वांत जवळचा रस्ता. आभासी बाळं आधी शिकली, मग खरी.”

“काढून टाक.”

“परीक्षकालाही काढता येत नाही. त्यावर आणखी नव्वद कलमं उभी आहेत. आणि मुग्धा, तुझा खेळ पहिला आलाय.”

मुग्धाने घरी येऊन पाळण्याची वायर ओढून तोडली. ओजूला मांडीवर घेतलं. कानातून पिवळं पाणी गालावर येत होतं.

“रड गं राणी,” ती म्हणाली. “दुखतंय ना? रड. मी आहे इथे.”

ओजूचा ओठ थरथरत होता, तो आवाज ऐकताच थांबला. ती हसली.

मुग्धा आणखी बोलली, आणखी मायेने. ओजू आणखी हसली. तेव्हा तिला हिशेब लागला. रडू गिळल्याचं बक्षीस पाळण्याने स्वतःचं दिलंच नव्हतं. खरं बक्षीस होता तो मुग्धाचा आवाज. पाळणा भंगारात गेला तरी बक्षीस घरातच राहणार होतं, ओजूला हाका मारत, अंगाई म्हणत. पोरीला रडता यावं असं वाटत असेल, तर आईने तिच्याशी बोलायचं नाही. किती दिवस, ते निखतलाही सांगता येईना.

आता सासूबाई ओजूला बघतात. त्यांना झेपत नाही. मुग्धा दाराबाहेर तोंडाला पदर लावून बसते आणि कान देते. आतून अजून काही ऐकू आलेलं नाही.

ते पाळणे पुष्कळ घरांत गेले आहेत, आणि प्रत्येकात त्या त्या आईचा आवाज आहे. तुमच्या ओळखीत एखादं फार शहाणं, कधीच न रडणारं बाळ असेल, तर आजच त्याच्याकडे जाऊन या. आईला जरा बाहेर बसायला सांगा. बाळाचे कपडे काढा. कान, काखा, जांघा, तळपाय, सगळं हाताने चाचपून बघा. ते हसेल. त्याच्या हसण्यावर जाऊ नका, बघत राहा.