निळ्या जिरेनियमची शोधमोहीम

“चोर! वाफ्यात चोर येऊन गेला!” शेजारचा पोरगा, ज्याला सगळे प्रोफेसर म्हणत, कुंपणावरूनच ओरडला.

भिंगरी धावत आली. कालपर्यंत इथे मावशीच्या निळ्या जिरेनियमचे बुंधे होते. आज तिथे नर्सरीतल्या लालभडक फुलांच्या कुंड्या ऐटीत बसल्या होत्या! पाय मोडून दवाखान्यात जाताना मावशीने हा वाफा भिंगरीच्या हवाली केला होता. आणि आज पाच वाजता मावशी घरी यायची होती!

“चोर कसला? मी साफ केलं सगळं,” मावशीचे यजमान, म्हणजे काका, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. “वाळलेली बुडखी काय पुजायची होती?”

“अहो काका, ती मेली नव्हती! थंडीत वरचं वाळतं, मुळं जिवंत असतात. आता फुटायलाच आली होती!”

“मग नावाच्या पाट्या का नव्हत्या तिथे?”

पाट्या भिंगरीनेच काढल्या होत्या, मावशीसाठी छान रंगवून ठेवायला! आता रागवायचं तरी कुणावर? काकांवर, की स्वतःवर?

“कुठे टाकलीत?”

“मातीसकट कुणीतरी खड्डा भरायला नेली. कोण ते आठवत नाही. जा, खेळा आता!”

खेळा म्हणे! भिंगरीला रडूच कोसळणार होतं, पण धाकटा भाऊ प्रश्नराव फाटकाशी वाकून बसला होता. “ताई, ही माती रस्त्यावर सांडत सांडत कुठे गेली गं?”

तिघं त्या मातीमागे सुटले. माग संपला तो गल्लीच्या टोकाला, पाइपसाठी खणलेल्या चरापाशी. तिथे मुकादम त्या मातीवर खडी ओतायची तयारी करत होता.

“मामा, पाचच मिनिटं थांबा ना!”

“एक मिनिट नाही! व्हा बाजूला!”

“मामा,” प्रश्नराव पुढे सरसावला, “हा रोलर मागेपुढे दोन्हीकडे जातो, मग त्याचं तोंड कुठलं?”

मुकादम थांबला. “तोंड? असं बघ...” आणि तो समजावायला लागला!

इकडे भिंगरीने आणि प्रोफेसरने चरात उड्या मारल्या. चिखल, दगड, मुळ्याच मुळ्या!

“हे का?” प्रोफेसरने विचारलं.

“ते गवत!”

“मग हे?”

“तेही गवतच! अरे, जाड तपकिरी बुंधा बघ, त्यावर गुलाबी कोंब!”

बोटं सोलवटली, कपड्यांची दशा झाली. अकरा बुंध्यांपैकी नऊच मिळाले. तेवढ्यात प्रश्नरावचे प्रश्न संपले आणि खडी धडधडत आली. भिंगरीने पाय आपटले, पण करणार काय?

पाच वाजता मावशी कुबड्यांवर आली. काका कौतुकाने कुंड्या दाखवायला लागले, तोच भिंगरी चिखलाने माखलेल्या बुंध्यांची टोपली घेऊन पुढे झाली. “मावशी, पाट्या मीच काढल्या होत्या, म्हणून काकांना कळलं नाही. चरातल्या चिखलातून नऊ शोधले, पण दोन बुंधे गेले गं.” एवढं बोलताच तिला हुंदकाच फुटला.

मावशीने एकेक बुंधा हातात घेऊन नीट पाहिला.

“वाळक्या बुंध्यातला जीव ओळखायला मला चार वर्षं लागली होती,” ती म्हणाली. “आणि तुम्ही तो चिखलात शोधलात? शाबास रे पोरांनो!”

मग तिने कोपऱ्यातली कुदळ काकांच्या हातात दिली. “खड्डे तुम्ही खणायचे. कुठे आणि किती खोल, ते भिंगरी सांगेल.”

काकांनी एकदा भिंगरीकडे पाहिलं आणि निमूट बाह्या सरसावल्या.