'हाऊ आर यू'चं उत्तर

"ताई, तुम्ही आत इस्त्रीचं बघता का? काउंटरवर मी उभी राहते," भावजय सहज म्हणाली... आणि ताईच्या छातीवर कुणी गरम इस्त्री टेकवल्यासारखं झालं!

आईवडील गेल्यावर शाळा सोडून, लोकांचे कपडे धुऊन तिने धाकट्या भावाला वाढवलं, ही लाँड्री उभी केली. आणि आज तिच्याच दुकानात तिलाच पडद्याआड!

गिऱ्हाइकं बहुतेक इंग्रजी बोलणारी. त्यांनी 'हाऊ आर यू' विचारलं की ताई शाळेत पाठ केलेलं म्हणायची, "आय ॲम फाइन, थँक यू."

"ताई, परीक्षेला बसल्यासारखं नको," भावजय हसायची. "'नॉट बॅड, यू?' म्हणायचं नि मोकळं व्हायचं. अगदीच वाईट दिवस असला तर 'गेटिंग बाय', म्हणजे चाललंय कसंबसं."

स्वतः मात्र ती रोज "कुडन्ट बी बेटर!", म्हणजे याहून छान काय असणार, असं म्हणायची आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. भाऊ कौतुकाने बघत राहायचा... ताईकडे त्याने असं कधी बघितलं होतं?

"तिचं बोलणं गोड आहे, नाही?" तो म्हणाला.

"हो ना. माझ्याच जिभेला खळ लावलीय!"

पडद्यामागे वाफेत उभी राहून ताई भावजयीची उत्तरं कान देऊन ऐकायची, शर्टांच्या कॉलरींना म्हणून दाखवायची. एकदा हिचं तोंड बंद पडू दे, मग बघ...

आणि ते पडलं. भावजयीची आई गेली. माहेरून परतली तशी ती मुकाट्याने काउंटरवर उभी राहिली. नेहमीच्या मास्तरीणबाई आल्या. त्यांना काय ठाऊक!

"हाऊ आर यू, डिअर?"

भावजयीचे ओठ हलले... शब्द फुटेना. हातातल्या पावतीवर टपकन थेंब पडला.

ताई पडदा सारून धावली, तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "वुई आर गेटिंग बाय. अँड यू?"

बाईंनी दोघींकडे पाहिलं. भावजयीचा हात दाबला, आपली साडी घेतली आणि गेल्या.

"ताई... हे कधी शिकलात?"

"तुझा हेवा करता करता!" ताईचाच बांध फुटला. "तुझं तोंड बंद पडावं असं वाटायचं गं मला... पण असं पडायला नको होतं!"

"मग आज तुम्हीच बोला ना माझ्या वाटचं," भावजय तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पुटपुटली.

दारात पुढचं गिऱ्हाईक उभं होतं. "हाऊ आर यू?"

"नॉट बॅड, यू?" ताई म्हणाली. भावजयीचा हात तिने सोडला नाही.