दोन बोटं माया

मावशी म्हणजे गल्लीची मावशी नव्हे, एकाच पोरीची सख्खी मावशी. धाकटी बहीण गेली तशी तिची लेक आणि लेकीचा बाप मावशीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आले, आणि तिथलेच झाले. बाप एका फॅशन डिझायनरच्या कारखान्यात पॅकिंगला होता. तिथे बेतून उरलेले तुकडे एरवी कचऱ्यातच जायचे, ते मालकिणीला विचारून तो दर शनिवारी पिशवीभर घरी आणायचा. कधी वीतभर ऑर्गन्झा, कधी हाताला गार लागणारं सॅटिन.

"घ्या ताई, आज निळा सापडलाय. बघत राहावा असा."

"नुसता रंगच आणलात, कापड कुठंय?" मावशी म्हणायची. पण त्याचे बूट निघेपर्यंत पिशवी पलंगावर पालथी झालेली असायची.

पोरीला घरात सगळे सुतळी म्हणत. नऊ वर्षांची, पण दिसायला सात. दोन वर्षांपूर्वी तिला महिनाभर ताप आला. ताप गेला, पण उंची तिथेच थांबली. डॉक्टर दर तीन महिन्यांनी तिला भिंतीला टेकवून उभी करत, पट्टी लावत आणि म्हणत, "वाट बघू." दोन वर्षं तेच ऐकून मावशीचे कान किटले होते. गेल्या खेपेला मात्र पट्टी ठेवता ठेवता ते एवढंच म्हणाले, "छातीची हाडं अशीच राहिली, तर पुढे हृदयावर ताण येईल." त्या दिवसापासून मावशीचं जेवणावरून मनच उडालं.

मावशीने तीस वर्षं शिवणकारखान्यात काढली होती. लहान मुलांच्या कपड्याचा तिथला नियम ठरलेला. शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवायचं. वर्षभराने मूल वाढलं की जुनी शिवण उसवायची आणि तेवढं बाहेर सोडून नवी घालायची. ह्या जास्तीच्या कापडाला म्हणायचं माया. निळ्या सॅटिनचा फ्रॉक बेतताना मावशीने माया ठेवलीच नाही. तुकडा पुरत होता. पण खडूची रेघ ओढताना हात आपसूक आत सरकला, कातर चालली, आणि जे वाढतच नाही त्याला कशाला ठेवायची, हा विचार तिने मनातसुद्धा धड पुरा केला नाही.

कातरीच्या आवाजात वाढलेली पोर. तिने फ्रॉक हातात घेतला आणि आधी उलटा करून पाहिला.

"मावशी, माझ्या फ्रॉकला माया नाही ठेवलीस?"

"तुकडा तेवढाच होता गं."

"बरं," म्हणून सुतळीने तो डोक्यातून घातला आणि आरशापाशी गेली. मावशीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या बुधवारी सकाळी इस्त्री करताना तिने फ्रॉक उलटा केला. शिवणीच्या आत बोटभर कापड होतं.

मावशी काही लगेच देव-भुतं काढणाऱ्यातली नव्हती. आपणच विसरलो असू, म्हणाली. मग चष्मा लावून टेपने मोजलं. बाहेरून फ्रॉक होता तेवढाच होता. धुऊन सैल झालं म्हणावं, तर त्याच सॅटिनची उरलेली चिंधी तिने बादलीत बुडवून वाळवून पाहिली. ती उलट आटली. तेव्हा तिने मायेच्या कडेने पिवळा दोरा घातला, कापड जिथे संपतं अगदी तिथे.

दोन दिवसांनी पिवळा दोरा कडेला नव्हता. त्याच्यापलीकडे आणखी बोटभर निळं कापड होतं. कड कातरीने कापलेली, स्वच्छ, मावशीच्याच हातची वाटावी अशी.

तिने मेहुण्याला दाखवलं.

"तुम्हीच ठेवली असेल, ताई."

"मी नाही ठेवली."

त्याने फ्रॉक परत तिच्या हातात दिला आणि हात पँटला पुसले.

त्या महिन्यात तपासणी होती. डॉक्टरांनी पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली. चप्पल काढलीय ना, विचारलं. "पाऊण इंच," ते म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हसले. मेहुणा तिथेच बाकावर बसून रडला. सुतळी त्याची बाही ओढत म्हणत होती, "बाबा, लोक बघतायत."

घरी आल्यावर मावशीने दार लोटलं, फ्रॉक खिडकीपाशी नेला आणि शिवण उसवायला घेतली. भर दुपार होती. ऊन थेट मांडीवर येत होतं.

आत माया वीतभर झाली होती. घडीवर घडी घालून बसलेली, बाहेरून जराही फुगवटा नाही.

तिने ती उलगडली. आतलं कापड विटलेलं होतं.

कुठलाही कपडा उसवा, बाहेरचा भाग उन्हाने विटतो आणि आतला कोरा राहतो. इथे बाहेर कोरं होतं. आत मात्र बरीच वर्षं अंगावर वापरल्याचा, धुतल्याचा फिकेपणा होता.

आणि भोकं. सॅटिनला सुई एकदा लागली की भोक कायमचं राहतं. भोकांच्या रांगा होत्या, एकीपलीकडे एक. दर वर्षी एकदा उसवून पुन्हा घातल्यासारख्या.

मावशीने टेप लावला. शेवटच्या रांगेत बाई मावत होती. धडधाकट, मावशीपेक्षा रुंद खांद्यांची बाई.

तिने तोंडावर पदर धरला. वाढणार आहे, ती म्हणाली. पोर माझी वाढणार आहे.

मग डोळे पुसून तिने रांगा नीट पाहिल्या.

पहिली तिचीच होती. उजवीकडे झुकलेला टाका, दर पाचव्याला दुहेरी. ही खोड कारखान्यात दुसऱ्या कुणालाच नव्हती.

दुसरी, पुढच्या वर्षाची, तीही तिचीच.

तिसरीपासून टाका डावीकडे झुकला होता. सफाईदार, सरळ, दर पाचव्याला दुहेरी. शेवटपर्यंत तसाच.

हा डावखुरा हात कुणाचा, ते तिला कळेना. घरात डावखुरं कुणी नव्हतं. पण पाचव्याची खोड मात्र तिच्याकडूनच शिकलेली होती.

तिने सुतळीला हाक मारली. समोर बसवलं, हातात एक चिंधी दिली, सुईत दोरा ओवला.

"आज शिवायला शिकायचं."

"आत्ता? सुट्टीत शिकव ना."

"नको. आजपासून."

"बरं. दाखव."

मावशीने सावकाश चार टाके घातले, पाचवा दुहेरी. सुतळी समोरून टक लावून पाहत होती. मग तिने सुई उचलली. आरशात बघून उचलावी तशी, डाव्या हातात.

"अशीच ना?"

उजव्या हातात धर, असं सांगायला मावशीने तोंड उघडलं. मग मांडीवरच्या फ्रॉकची तिसरी रांग तिने बोटाने चाचपली. पोरीने जीभ बाहेर काढून पहिला टाका घातला. तो डावीकडे झुकला.

"अशीच," मावशी म्हणाली.