उजव्या कुशीवर

सकाळी तोंड धुऊन चारुशीला दिघेंनी वर पाहिलं, तेव्हा आरसा म्हणाला, "बाई, जरा हसून दाखवता का?"

त्यांनी हसून दाखवलं. पापणीतले टाके चुरचुरले.

"आता दोन्ही हात वर करा. आणि पूर्ण नाव सांगा."

हात वर झाले, नाव सांगून झालं. हा अर्धांगाचा झटका नाही, एवढी आरशाची खात्री पटली आणि तो गप्प झाला. पण त्याच्या कडेची हिरवी रेघ आधी पिवळी झाली, मग सावकाश केशरी.

सांगलीत एकटं राहणाऱ्यांच्या घरी हे आरसे आता नवलाचे राहिले नव्हते. 'सोबत' नावाची एक संस्था ते बसवून देई. काचेमागे भावमापक असे. बसवतानाच तो माणसाच्या चेहऱ्याची मूळ ठेवण टिपून घेई आणि मग माणूस समोर आला की तिच्याशी ताडून बघे. भुवया किती आकसल्या, ओठांची टोकं किती खाली आली, डोळे सुजलेत का, त्यांतून पाणी येतंय का. चेहरा फारच उतरलेला दिसला, की इमारतीतल्या ज्यांनी आपणहून नावं दिलेली असत त्यांच्या फोनवर, जिथे एरवी नुसता रेघेचा रंग दिसे, एक ओळ जाई. 'अमक्यांचं मन बरं नाही. सवड असेल तर डोकावून या.'

चारुशीलाबाईंच्या नावाने अशी ओळ आजवर कधी गेली नव्हती. त्यांच्या पापण्या आधीपासूनच जड, डोळ्यांवर उतरलेल्या. आरशाने तीच त्यांची ठेवण धरली होती. माणसं मात्र तसं धरत नसत. कन्याशाळेत भूगोल शिकवत होत्या तोवर मुली कुजबुजायच्या, "बाई आज चिडल्यात गं." निवृत्तीनंतर तेही म्हणणारं कुणी उरलं नाही. लग्न केलं नव्हतं. भाऊ नागपूरला, तो दिवाळीला फोन करी. हळूहळू त्यांच्या मनाने घेतलं, की आपल्या तोंडावरच दार लावल्यासारखं दिसतं, मग माणसं येणार कशी? बासष्टाव्या वर्षी कुणालाही न सांगता त्या मिरजेला गेल्या आणि पापण्यांवरची जास्तीची कातडी काढून आल्या.

आता डावा डोळा बऱ्यापैकी उघडला होता. उजवा मात्र सुजून अर्धा मिटलेला, लाल, सारखा पाणावणारा. दोन डोळे दोन वेगळ्या बायकांचे असावेत तसे दिसत होते. पापण्यांवर शस्त्रक्रिया झाल्याचं आरशाला ठाऊक नव्हतं. त्याला दिसली ती रडून सुजलेली बाई.

दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरची निलोफर मुल्ला आली होती. चाळिशीची, दंतवैद्याच्या दवाखान्यात काम करणारी. जिन्यात दिसली तर मान हलवून पुढे जाई, एवढीच काय ती ओळख. आज तिच्या हातात झाकलेलं पातेलं होतं.

"आंबील आणली आहे, बाई. गरम आहे तोवर घ्या." मग तिने चेहऱ्याकडे पाहिलं. "अगंबाई! किती रडलात?"

"अगं, रडले नाही मी. हे जरा..." चारुशीलाबाई अडखळल्या. या वयात नटण्यासाठी डोळे कापून घेतले, हे कसं सांगायचं? त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच निलोफर स्वयंपाकघरात शिरून वाटी शोधू लागली होती. आपल्या घरात दुसऱ्या कुणाच्या हातून भांडं वाजण्याचा आवाज त्यांनी किती तरी दिवसांत ऐकला नव्हता. वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं.

"काय झालं, सांगा तरी," समोर बसत निलोफर म्हणाली.

"आईची आठवण येते," त्या म्हणाल्या. वेळ मारून न्यायला म्हणाल्या खरं, पण ते खोटंही नव्हतं. मग आईबद्दल बोलणं निघालं ते आंबील निवून गेली तरी संपेना.

दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा केशरी. या वेळी तळमजल्यावरचे मगदूम आले. एसटीतून निवृत्त झालेले, मोठ्याने बोलणारे. त्यांनी न विचारता गळका नळ दुरुस्त केला आणि घाटात बंद पडलेल्या गाडीची हकीकत हातवारे करून सांगितली. निलोफर तर जवळजवळ रोज येऊ लागली. दवाखान्यातून परस्पर वर यायची, पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसायची आणि विचारायची, "आज काय सांगताय?" बाई कपाटातला जुना नकाशा काढायच्या आणि नद्या कशा वाट बदलतात ते तिला सांगायच्या. ती मन लावून ऐकायची. उठताना दर वेळी थोडी रेंगाळायची.

तपासणीच्या दिवशी मिरजेच्या डॉक्टर कुंभोजकर फोनच्या पडद्यावर आल्या. त्यांनी बाईंचे दोन्ही डोळे पडद्यावर मोठे करून पाहिले.

"डावा छान बसलाय. उजवा मागे राहिलाय. घाबरू नका, दोन्हीकडची सूज काही एकदम उतरत नाही. एक डोळा पुढे, एक मागे, असं चालायचंच. झोपता कशा? उजव्या कुशीवर?"

"हो."

"तिथेच चुकतंय. ज्या कुशीवर झोपाल त्या बाजूला पाणी उतरतं. उशाला दोन उशा घ्या आणि उताण्या झोपा. गार पट्ट्या ठेवताय ना?"

"ठेवते की."

ठेवत नव्हत्या. पट्ट्या पहिल्या दोन दिवसांनंतर त्यांनी हातात धरल्या नव्हत्या. डॉक्टरांनी आता उपाय सांगितला होता, पण बाईंना त्यातून नेमकं उलटं कळलं. त्या रात्री त्यांनी दुसरी उशी काढून ठेवली आणि उजवा गाल गादीत रुतवून त्या पडून राहिल्या. सकाळी डोळा फुगलेला होता, रेघ केशरी होती, आणि चहाच्या वेळेला निलोफर आली. चारुशीलाबाईंना आनंद झाला. त्या आनंदाची त्यांना थोडी शरमही वाटली, पण दुसऱ्या रात्रीही त्या त्याच कुशीवर वळल्या.

शरीर मात्र कुणाचं ऐकत नाही. कूस कोणतीही असो, जखम भरतच होती. सूज आज थोडी, उद्या थोडी अशी उतरत गेली आणि एका सकाळी दोन्ही डोळे सारखे, टपोरे, उघडे झाले. मूळ ठेवण जुन्या, जड पापण्यांची होती. तिच्याशी ताडून पाहिल्यावर आरशाला हा चेहरा भलताच आनंदी वाटला. हिरवी रेघ इतकी लखलखली, की मोरीची भिंतसुद्धा हिरवी दिसू लागली. "आज मन अगदी प्रसन्न आहे," आरसा म्हणाला. त्यानंतर रोज तो तेच म्हणत राहिला.

ओळी जायच्या थांबल्या, तशी माणसंही थांबली. यात कुणाचं काय चुकलं? ज्याला त्याला आपापले व्याप होते. मगदूम फाटकात भेटले तेव्हा खुशीत ओरडले, "दिघे बाई, झकास दिसताय हो! दहा वर्षांनी लहान!" आणि पिशवी सावरत निघून गेले. निलोफरने जिन्यात पूर्वीसारखी मान हलवली, या वेळी थोडं हसून. बाईंना दोन कप चहा टाकायची सवय लागली होती, ती मोडली.

एका रविवारी दुपारी फोन आला. कुमुद करमरकर गेली. शाळेत दोघींनी शेजारच्या वर्गांवर सारं आयुष्य काढलं होतं. मधल्या भिंतीवर टकटक करून एकमेकींना डबा खायला बोलवत. बाईंना रडू आलं नाही. चेहऱ्यावर पाणी मारायला त्या आरशापुढे गेल्या.

"आज मन अगदी प्रसन्न आहे."

बाईंनी बोट उचलून उजवी पापणी खाली ओढली. रेघ जराशी पिवळसर झाली. त्यांनी आणखी ओढली, आणि काचेत स्वतःकडे पाहिलं. स्वतःच्या हाताने स्वतःचा डोळा मिटवून उभी असलेली बाई. त्यांनी पटकन हात खाली घेतला, पदराने तोंड पुसलं आणि चप्पल घालून एक मजला उतरल्या.

निलोफरच्या घरी त्यांनी यापूर्वी कधी घंटा वाजवली नव्हती. दार उघडलं तेव्हा आतून सगळ्या आवाजांचा लोंढा बाहेर आला. सासऱ्यांच्या बातम्या, मुलांची भांडणं, कुकरची शिट्टी, "निलोफर, माझा शर्ट कुठंय?"

"बाई, तुम्ही?" पिठाचे हात तसेच ठेवून निलोफरने कोपराने फोन उजळवला. "पण मला काही आलं नाही. तुमचं तर हिरवं दाखवतंय."

"आरसा हिरवंच दाखवणार. माझी मैत्रीण गेली गं आज." आणि मग उंबऱ्यातच उभ्या राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं. मिरज, पापण्या, न ठेवलेल्या पट्ट्या. "तू येत राहावीस म्हणून मी मुद्दाम उजव्या कुशीवर झोपत होते. फसवलं मी तुला."

निलोफर बाहेर आली आणि तिने दार मागे ओढून घेतलं. आवाज एकदम कमी झाले. ती जिन्याच्या पायरीवर बसली, बाईंना शेजारी जागा करून दिली.

"रागवायला हवं मी," ती हळू आवाजात म्हणाली. "पण बाई, तुमची ओळ आली, की मी घरात ती मोठ्याने वाचून दाखवायची. 'बाईंचं मन बरं नाही, जाऊन येते.' कुणी अडवायचं नाही. ती बंद झाल्यावर मी रोज फोन बघत होते. तुमचं हिरवं दिसलं, की..." ती थांबली. "तुमचं मन बिघडावं असं वाटायचं मला. कुणाबद्दल असं वाटावं का?"

"मग तशीच यायचं होतंस."

"काय सांगून? आमच्याकडे आरसा बसवत नाहीत. सहा माणसांचं घर. एकट्या माणसांसाठी असतो तो."

आतून कुणी तरी तिला पुन्हा हाक मारली. ती उठली नाही. पीठ वाळलेले हात मांडीवर ठेवून ती बाईंकडे वळली.

"माझ्याकडे नीट बघा बरं, बाई. काय दिसतंय?"

चारुशीलाबाईंनी पाहिलं. इतके दिवस ही समोरच्या खुर्चीत बसत होती आणि त्या बोलत होत्या, आईबद्दल, नद्यांबद्दल, स्वतःबद्दल. तिची मूळ ठेवण कशी आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आता कशाशी ताडून बघायचं, आणि काय सांगायचं?